प्रक्षेपणाची वेळ संपली

मिझुएने पर्समधून रुमाल काढला, स्टुलाची गादी दोनदा पुसली आणि मगच आईला बसू दिलं. रुमालाला काही लागलं नव्हतं. तरी तिने तो उलटा घडी घालून पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला.

“अगं, दुपारीच पुसलंय सगळं,” काउंटरच्या पलीकडून तेत्सुरो म्हणाला.

“दिसतंय ना,” मिझुए म्हणाली.

तेत्सुरो तिचा थोरला भाऊ. पासष्टीला आलेला हा माणूस बिनबाह्यांचा बनियन घालून आणि पोटाला लोकरी पट्टा गुंडाळून उभा होता, कारण त्यांचे वडील उन्हाळ्यात घरी तसे बसायचे. वडील बिचारे उकाड्यामुळे बसायचे. तेत्सुरोच्या दुकानात थंड हवेचं यंत्र घरघरत होतं आणि त्याच्या दंडांवर काटा आला होता. जन्मभर याने कॉपी काढायची यंत्रं विकली, आणि निवृत्त झाल्यावर कावासाकीच्या या अर्ध्या बंद पडलेल्या बाजारगल्लीत सहा स्टुलांचं खाण्यापिण्याचं दुकान काढलं. लोक म्हातारपणी फुलझाडं लावतात, आमच्या दादाने बाप लावला, असं मिझुए मैत्रिणींना सांगायची.

दुकानाच्या टोकाला चटया घातलेला एक चौथरा होता. त्यावर वडिलांचं बुटकं टेबल, त्यांची बिनपायांची खुर्ची, मान न फिरणारा त्यांचा टेबलपंखा आणि लाकडी खोक्यातला जाडजूड टीव्ही, असा सगळा संसार मांडून ठेवला होता. दर शनिवारी संध्याकाळी त्या टीव्हीवर चाळीस वर्षांपूर्वीचे बेसबॉलचे सामने लागायचे. तेव्हाच कोणीतरी टेपवर उतरवून ठेवलेले, मधल्या जाहिरातींसकट. ते बघायला साठीपलीकडचे पुरुष यायचे, बिअर मागवायचे, आणि ज्या सामन्याचा निकाल तरुणपणापासून पाठ होता त्यात पुन्हा एकदा जीव टांगणीला लावून बसायचे. भिंतीवर तेत्सुरोने कुंचल्याने लिहिलं होतं, ‘शोवाची संध्याकाळ’. जुन्या सम्राटाच्या राजवटीचं नाव बिअरच्या जाहिरातीशेजारी टांगताना त्याला काही वाटलं नव्हतं.

मिझुए इथे पाऊल टाकायची नाही. आज आली ती एकाच कामासाठी. तेत्सुरोने आईला मागितलं होतं.

मागितलं म्हणजे अगदी तसंच, शेजाऱ्याकडे मिक्सर मागावा तसं. दुकानाच्या वर एक खोली रिकामी आहे, आईने तिथे राहायला यावं, शनिवारी खाली येऊन बसावं, जमलं तर दोन मासे तळावेत. गिऱ्हाइकांना खरी आई बघून बरं वाटेल. फोनवर हे ऐकताना मिझुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वडील गेल्यापासून आई तिच्याकडे होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईने गरम जेवण गरम असताना खाल्लं ते पहिल्यांदा मिझुएच्या घरात, आणि हे काही तिने मैत्रिणींवर छाप पाडायला रचलेलं नव्हतं, खरंच होतं. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांची हांजी हांजी करून मिझुए घरी यायची ती एका शांत घरात. तिथे कोणी कोणाला हाका मारत नसे. घटस्फोटानंतर तिने जे काही उभं केलं ते एवढंच होतं, आणि ते आईसकट होतं.

फोनवरच नाही म्हणता आलं असतं. पण तिला ते आईच्या तोंडून हवं होतं, तेत्सुरोसमोर, त्याच्या त्या मांडून ठेवलेल्या खुर्चीसमोर. “आईलाच विचारू की, तीच सांगेल,” असं तिने भावाला मोठ्या मनाने कळवलं. आई काय सांगणार याबद्दल तिच्या मनात तीळभरही शंका नव्हती.

“आई आल्या!” पहिल्या स्टुलावरचा इनागाकी नावाचा निवृत्त बँकवाला अर्धवट उठून वाकला. “या, या. तुमच्यावाचून हे घर अपुरं होतं बघा.”

“ह्याला तू कधी जन्म दिलास?” मिझुए आईच्या कानाशी पुटपुटली.

आईने इनागाकीला मान लववली. “बसा हो, उठू नका. गुडघे दुखतात ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“काउंटर धरून उठलात.”

इनागाकी एवढा खूश झाला की जणू त्याला पदक मिळालं. मिझुएने डोळे छताकडे नेले. तेत्सुरोने आईसमोर मिठात उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा ठेवल्या, थंड तोफूचा तुकडा ठेवला आणि बिअरचा एक छोटा पेला ठेवला. आईचा हात पेल्याकडे गेला.

“गार आहे ते आई, घसा धरेल,” म्हणत मिझुएने पेला उचलून स्वतःकडे घेतला. “दादा, कोमट चहा दे तिला. आणि शेंगा चारच खा हं, मीठ फार आहे.”

आईने शेंग सोलली आणि दाणे एकेक करून खाल्ले.

तेवढ्यात पडदा बाजूला सारून नागुमो आला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. म्हणजे शटर अजून आहे, दुकान कधीच मिटलं. वस्तीत पहिलं टेप उतरवायचं यंत्र त्याच्याकडे आलं, तेव्हा तो दिसेल ते उतरवत सुटला होता. बटण दाबायचं आणि टेप संपेपर्यंत सोडून द्यायचं, मग त्यात साबणाची जाहिरात येवो की बातम्या येवोत. तेव्हा त्याची बायको त्या टेपांवरून डोकं फोडून घ्यायची. आता तो शनिवारी एक टेप काखेत मारून गल्लीतून असा चालायचा की वाटावं, कोणाच्या तरी लग्नात मुख्य पाहुणा म्हणून निघालाय.

“शोवा सत्तावन्नचा, म्हणजे ब्याऐंशी सालचा उन्हाळा,” त्याने जाहीर केलं. “तोक्यो विरुद्ध ओसाका. पूर्ण आहे. म्हणजे जेवढा दाखवला तेवढा पूर्ण.”

“वा!” इनागाकी म्हणाला. “मी तेव्हा कॉलेजात होतो.”

“मी तिसऱ्या वर्षाला नापास झालो तो हाच उन्हाळा,” तेत्सुरो अभिमानाने म्हणाला.

टीव्ही उजळला. चित्र जरा हिरवट होतं, कडेला थरथरत होतं. मैदानावरचे खेळाडू पिठाच्या बाहुल्यांएवढे दिसत होते आणि समालोचक नाकातून बोलत होता. तिघांनीही एकदम असा सुस्कारा सोडला की मिझुएला आपल्या दवाखान्यातली दाढ उपटून झालेली माणसं आठवली.

मग सुरू झालं. तेव्हाचा पिचर बघा, आज चेंडू टाकले की उद्या पुन्हा उभा. आताचे? शंभर चेंडू झाले की हात बर्फात. तेव्हाचे कपडे बघा, तेव्हाचे पंच बघा, मैदानात सिगारेटचा धूर बघा कसा दाटलाय, आता ओढू देतात का कुठे? धुराचीसुद्धा आठवण काढणारी ही माणसं. मेल्या म्हशीला मणभर दूध, मिझुए मनात म्हणाली, आणि हे तर दुधासाठी नव्हे, शेणासाठी रडतायत.

“खेळ सोडा हो,” इनागाकी डोळे पुसत म्हणाला. ते दोन पेल्यांनंतरचे डोळे होते. “तेव्हा घरात एक टीव्ही. सगळं कुटुंब एकत्र त्याच्यासमोर. आता माझ्या घरी चार माणसं, चार फोन, कोणी कोणाकडे बघत नाही.”

“एकत्र,” मिझुए म्हणाली. “तुमची आई कुठे बसायची, इनागाकीसान?”

“आई? इथेच की.” त्याने हवेत हात केला, टीव्हीच्या उजवीकडे, मग डावीकडे. “म्हणजे असायची. येऊन जाऊन. मासा वगैरे घेऊन यायची ना मधून मधून.”

“मग बसायची कधी?”

इनागाकीने विचार केला. “स्वयंपाकघरात बसत असेल,” तो म्हणाला.

“म्हणजे एकत्र कोण होतं? तुमचे वडील आणि टीव्ही?”

“आली का तुझी तपासणी,” तेत्सुरो हसत म्हणाला. “दात नाही दाखवायला आलेत ते तुझ्याकडे, बाई. बिअर प्यायला आलेत.”

सगळे हसले. नागुमो तर टेबलावर थापा मारून हसला. मिझुएने आपल्यासमोरचा पेला, जो आईचा होता, उचलून एका घोटात संपवला.

पाचवा डाव झाल्यावर तेत्सुरोच्या अंगात आलं. हे दर शनिवारी यायचं आणि लोक त्याची वाटच बघत असत. तो काउंटरमागून बाहेर आला, चौथऱ्यावर चढला आणि वडिलांच्या खुर्चीत मांडी घालून बसला. जुन्या टीव्हीला चॅनल बदलायला फिरवायची खुंटी होती. ती त्याने ओढून उपटली, सगळ्यांना दाखवली आणि पोटाच्या पट्ट्यात खोचली.

“आमचे बाबा!” तो म्हणाला. “सामना लागला की खुंटी पोटाशी. बघू कोण बदलतंय चॅनल!”

“आमच्याकडेही!” नागुमो ओरडला. “आमच्याकडे मात्र पक्कड होती. भाऊ पकडीने फिरवायचा.”

“आमच्या मिझुएनेही फिरवला होता की एकदा. गाण्यांचा कार्यक्रम हवा होता बाईसाहेबांना. आठवतं का गं?”

मिझुएला आठवत होतं. पंधरा वर्षांची होती ती. वडील ओरडले नव्हते की मारलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातून पक्कड काढून घेतली होती आणि तिच्याकडे न बघताच पुन्हा खेळाडूंकडे वळले होते, जणू डास हाकलला. त्यानंतर ती जेवण झालं की वर जायची आणि कानांना हेडफोन लावून बसायची. खाली काय चाललंय ते तिला ऐकायचंच नव्हतं. या घरात आपण पुन्हा कधी काही मागायचं नाही, आणि आपलं घर झालं की तिथे कोणी कोणाला असं वागवायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

“अगं ए!” तेत्सुरो अचानक गरजला. हुबेहूब वडिलांचा आवाज होता. “बिअर आण!”

टाळ्या पडल्या. नागुमोने शीळ घातली. आणि मिझुएच्या शेजारी आईचा उजवा पाय स्टुलावरून खाली जमीन शोधू लागला.

मिझुएने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “बस. तुला नाही म्हणत तो.”

“हो का,” आई म्हणाली. पाय परत आडव्या दांडीवर आला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. तेत्सुरो खुर्चीत मागे रेलून टाळ्या झेलत होता, आणि मिझुएला वाटलं की उठावं आणि तो पेला त्याच्या टकलावर फोडावा. खाणारे खाऊन गेले, ढेकरही देऊन झाले. आता त्या ढेकरांची आठवण काढायला ज्या बाईने रांधलं तिलाच पुन्हा बोलावणं. कसली माणसं ही! पण ती उठली नाही. थोड्या वेळात आई स्वतः बोलणार होती. ते ह्याला जास्त लागेल.

आई मात्र टीव्हीकडे मन लावून बघत होती.

“कंटाळलीस का? निघू या?” मिझुएने विचारलं.

“नाही गं. किती झाले?”

“काय किती?”

“गुण.”

मिझुएला माहीत नव्हतं. नागुमोने मागे वळून सांगितलं, “तीन-तीन, आई. सातवा डाव चाललाय.”

“तीन-तीन,” आई म्हणाली. “छान.”

“बघा!” इनागाकीने काउंटरवर हात आपटला. “खऱ्या शौकीन आहेत आई. बरोबरीतच मजा असते सामन्याची! मिझुएताई, तुम्हाला नाही कळायचं ते.”

मिझुएने आईकडे पाहिलं. आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते इनागाकीसाठी नव्हतं.

सातव्या डावात ओसाकावाल्यांची दोन माणसं बेसवर पोचली. पिचर घाम पुसत उभा राहिला. तिघंही पुढे झुकले, कारण आता ते येणार होतं ज्यासाठी ते खरे येत. समालोचकाचा नाकातला आवाज नम्र झाला. सामना रंगात आला असतानाच प्रक्षेपणाची वेळ संपत आली आहे, तो म्हणाला, प्रेक्षकांनी कृपया क्षमा करावी. चेंडू टाकायला हात वर गेलेला पिचर तसाच राहिला आणि पडद्यावर पंख्याची जाहिरात सुरू झाली.

“आआऽऽ!” तिघं एका सुरात कण्हले. कण्हता कण्हता एकमेकांकडे बघून हसलेही. चाळीस वर्षांपूर्वी घराघरांतून हाच आवाज उठायचा. नऊच्या आत सामना संपो न संपो, टीव्हीवाले तो कापून टाकायचे आणि बापमंडळी शिव्या देत रेडिओ शोधायची. आता जगातला कुठलाही सामना खिशातल्या फोनवर शेवटच्या चेंडूपर्यंत दिसतो, तर ही माणसं कापलेला बघायला जमतात. मिझुएला यांची कीव यायला हवी होती. आली ती किळस.

दुकानाचा रिवाज असा की इथे टीव्ही बंद करायचा आणि काउंटरवरचा छोटा रेडिओ लावायचा. उरलेल्या सामन्याचं रेडिओचं समालोचनही नागुमोने जपून ठेवलेलं होतं. तेत्सुरोने वडिलांसारखाच “गाढवं साली!” म्हणत टीव्हीच्या बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” आई म्हणाली.

तेत्सुरोचा हात थांबला. आई स्टुलावरून उतरली. मिझुएने दंड धरायला हात पुढे केला, पण तोवर ती चौथऱ्यापाशी पोचली होती. तिने सपाता काढल्या, जुळवून ठेवल्या आणि टेबलाचा आधार घेत वर चढली.

“ऊठ,” ती तेत्सुरोला म्हणाली.

तो उठला. आई सावकाश खाली बसली, वडिलांच्या खुर्चीत, आणि हात पुढे केला.

“ती खुंटी दे.”

तेत्सुरोने पोटाच्या पट्ट्यातून खुंटी काढून दिली. “आई, फिरवू नका हं,” नागुमो घाबरून म्हणाला, “चित्र जाईल.”

“फिरवत नाही. हातात असू दे नुसती.”

पंख्याची जाहिरात संपली. पडद्यावर देशाचा नकाशा आला आणि एक तरुण माणूस काठीने त्यावरचे कागदी सूर्य दाखवू लागला. पूर्वेकडे उद्या निरभ्र, तो म्हणाला, वारा मंद, उकाडा कायम.

“चादरी वाळत घालता येतील उद्या,” आई म्हणाली.

नागुमो फिसकन हसला, मग बाकीच्यांकडे पाहून थांबला. रेडिओ कोणी लावला नव्हता. आई नकाशा बघत होती.

“हे एवढं झालं की मग माझं असायचं,” ती म्हणाली. “तुझे बाबा खुंटी टेबलावर ठेवायचे आणि रेडिओ घेऊन आंघोळीला जायचे. उरलेला सामना पाण्यात बसून ऐकायचे. तू बाहेर भटकायला, ही वर. खाली कोणी नाही.”

“मला माहीतच नव्हतं,” तेत्सुरो म्हणाला.

“तुला कसं असेल. सामना संपला की ते बाहेर यायचे, मग पुन्हा अगं ए. पण बरोबरी सुटेना आणि सामना लांबला की मग बसा. पाणी गार झालं तरी उठायचे नाहीत.” ती हसली. “मी आत भांडी घासताना कान देऊन असायची, किती झाले, किती झाले. तोक्यो जिंको नाहीतर ओसाका, मला काय. मी म्हणायची, देवा, बरोबरीत ठेव. कोणी जिंकू नका रे बाबांनो. नऊला एक मालिका लागायची, ती एकदा मी अख्खी बघितली, शेवटच्या गाण्यापर्यंत. तुझे बाबा बाहेर आले तेव्हा बोटं सुरकुतून पांढरी झालेली. आणि म्हणतात कसे, काय सुंदर सामना झाला. म्हटलं, हो, फार सुंदर झाला.”

इनागाकी मोठ्याने हसला. मग त्याने पेला हातात घेतला, प्यायला नाही, आणि टीव्हीच्या डावीकडची रिकामी जागा बघत राहिला.

मिझुएला हवं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. तिला एक शब्दही बोलावा न लागता भावाची सगळी आरास जमीनदोस्त झाली होती. ती स्टुलावरून उठली.

“ऐकलंस ना दादा? हे तुझे सोन्याचे दिवस. बाप आंघोळीला कधी जातो याची वाट बघत जन्म काढला तिने, आणि तू पट्टा बांधून त्याची नक्कल करतोस! आणि वर तिलाच मासे तळायला बोलावतोस!” तिचा आवाज थरथरला आणि तो तिने थरथरू दिला. “आई, आता सांग त्याला. तू इथे राहायला येणार नाहीस ते तूच सांग.”

तेत्सुरोने पोटाचा पट्टा खाली ओढला, वर ओढला. बनियनवर तो अचानक फार म्हातारा दिसू लागला होता. “आई, तुला नको असेल तर राहिलं,” तो म्हणाला.

आईची नजर पडद्यावरच होती. “तेत्सु, दुकान किती वाजता बंद करतोस?”

“शनिवारी नऊला. एरवी आठलाच. म्हातारी गिऱ्हाइकं सगळी.”

“मग तू कुठे जातोस?”

“घरी. बायको वाट बघते ना.”

“आणि हा टीव्ही कोण बघतं?”

“हा? कोणीच नाही. आई, वरच्या खोलीत तुला नवा घेऊन देईन की.”

“नको. दोन कशाला? यावर आताचं काही दिसतं का?”

तेत्सुरोने नागुमोकडे पाहिलं. “डबा जोडलाय मागे,” नागुमो म्हणाला, “सगळं दिसतं. खुंटी नाही चालत त्याला, बटणं आहेत. मी दाखवीन तुम्हाला.”

“मासे मी तळणार नाही,” आई म्हणाली.

“बरं.”

“आणि तू अगं ए म्हणालास तर उठणार नाही.”

“नाही म्हणणार, आई. बंदच करतो ते.”

“म्हण की. यांना आवडतं. मी उठणार नाही, एवढंच.” तिने खुंटी टेबलावर ठेवली. “येते मग. पुढच्या आठवड्यात आण मला.”

मिझुएला आधी वाटलं, आई चेष्टा करतेय. मग ती तशीच, बूट न काढता, चौथऱ्यावर चढली. चटईवर बूट घालून चढणं हे तिच्याकडून आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती आईसमोर जाऊन उभी राहिली.

“टीव्हीसाठी? आई, टीव्हीसाठी? घरी टीव्ही नाही का आपल्याकडे? याच्या चौपट मोठा! रोज नऊला दोघी बसतो ना आपण? तो किल्ल्यांचा कार्यक्रम, तो बागांचा, ते फ्रान्समधलं मठाचं...”

“बसतो की.”

“मग? मी कधी माझं लादलं तुझ्यावर? बाबांसारखी खुंटी उपटून ठेवली? रोज विचारते मी तुला!”

“विचारतेस,” आई म्हणाली. “‘आई, हेच बघू या ना आपण?’ असं रोज विचारतेस.”

मागे पडद्यावर जाहिरात वाजत होती. तेत्सुरो खाली बघत होता. नागुमो टेपच्या रिकाम्या डब्यावरची चिठ्ठी वाचू लागला होता.

“तुझे बाबा विचारायचे नाहीत,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, भाजीत मीठ जरा जास्त झालंय असं सांगावं तसं ती सांगत होती. “हो म्हणावं लागायचं नाही मग.”

मिझुएने तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं तिच्यापाशी. कोमट चहा, मऊ भात, औषधाच्या वेळा, अकरा वर्षांत एकदाही न चढलेला आवाज. तिच्या पाठीमागे संथ संगीत सुरू झालं, त्यात कुठल्याशा नदीवरच्या पुलाचा आणि पावलांचा आवाज होता. नऊची मालिका लागत होती. आईने मान डावीकडे केली, मग उजवीकडे केली.

“मिझु,” ती म्हणाली, “जरा सरक बाई बाजूला. दिसत नाही.”

मिझुए बाजूला सरकली.